निळा थेंब सोडून दे

प्रिय मित्रा,

पाइपची गळती शोधणाऱ्या तुझ्या क्लायंटसाठी केलेले तिन्ही लोगो झूम करून करून बघितले. काम सफाईदार आहे, कर्व्ह मस्त आलेत, स्पेसिंगला नावं ठेवायला जागा नाही. पण तिन्हीत निळा थेंबच आहे रे! एकात ग्रेडियंट, एकात हात, एकात पान, बस. वरचं नाव झाकून बघ. बाटलीबंद पाणी, प्लंबर, फिल्टर, कोणाचाही चालेल. मी हीच टेस्ट लावतो, नाव बदलूनही लोगो तितकाच फिट बसत असेल तर तो सरळ बाजूला.

आयडिया म्हटलं की बल्ब, पार्टनरशिप म्हटलं की हस्तांदोलन, पर्यावरण म्हटलं की हिरवं पान, हे डोक्यात पहिल्यांदा येणारच, सगळ्यांच्याच येतं, म्हणून तर ते वापरून वापरून गुळगुळीत झालंय. पहिली पाच-सहा स्केचेस अशीच निघतात, निघू देत, कागदावर काढून मोकळा हो. फक्त तिथे थांबून लगेच कॉम्प्युटरवर इलस्ट्रेटर उघडू नकोस. आणि त्याआधी पिंटरेस्ट तर अजिबात नको, कारण तिथे जे दिसतं ते कोणीतरी आधीच करून झालेलं असतं आणि आपल्या नकळत हात तिकडेच वळतो.

ट्रेंडचंही तसंच. 2018 मध्ये बर्बरी या ब्रिटिश फॅशन ब्रँडने आपला जुना लोगो काढून साधी जाड सॅन्स सेरिफ, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेली, अक्षरं घेतली, तेव्हा बऱ्याच फॅशन ब्रँडची अक्षरं एकमेकांसारखी दिसायला लागली होती, आणि 2023 मध्ये बर्बरीवालेच पुन्हा नाजूक सेरिफ वळणाची अक्षरं आणि आपला घोडेस्वार घेऊन आले. एवढ्या मोठ्या ब्रँडला पाच वर्षांत मागे फिरणं परवडतं, तुझ्या क्लायंटने एकदा पाट्या, गाड्या, युनिफॉर्म छापले की झालं.

आता मुद्द्याचं. तूच मागे सांगितलं होतंस ना, की ही माणसं जमिनीखालच्या पाइपची गळती ऐकून शोधतात? धातूची लांब काठी, एक टोक पाइपवर किंवा व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला, आणि शक्यतो रात्री, कारण तेव्हा ट्रॅफिक नसतं आणि बारीक आवाजही कळतो. अरे, हे केवढं भारी आहे! पाण्याच्या धंद्यातलं असूनही त्यांचं खरं काम ऐकण्याचं आहे, पाणी तर त्यांना दिसतही नाही. काठी, कान, आडवी रेष, त्या रेषेवर एकाच ठिकाणी उठलेली थरथर, यातून काहीतरी काढ. त्यांच्याबरोबर एक रात्र फिरून ये, माणूस काठी कशी धरतो, कुठे वाकतो ते बघ, फोटो काढ. मला तर वाटतं ती वाकलेली पाठ आणि काठी मिळूनच आकार होईल.

हां, उगाच वेगळं दिसायच्या नादात इमर्जन्सी नंबरजवळचा फोनचा आयकॉन बदलू नकोस. तिथे लोकांना ओळखीचंच हवं, घाईत कोणी अर्थ लावत बसत नाही.

क्लायंट थेंबच मागेल, मागू दे. वाद घालू नकोस, त्यांच्या गाडीच्या फोटोवर दोन्ही लोगो लावून शेजारी शेजारी दाखव. आणि आधी सगळं काळ्या-पांढऱ्यात कर, रंग शेवटी. स्केचेस कच्ची असली तरी पेन्सिलचीच पाठव, बघून लगेच फोन करतो.

तुझाच,
मित्र