लॉक नटची किल्ली परत मागून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की पेपरात गाडीची काळजी कशी घ्यायची ते छापून येतंच, वायपर बघा, ब्रेक बघा, टायर झिजलेत का बघा, सगळं बरोबर आहे. पण अलॉय व्हीलच्या लॉक नटबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही आणि घाटात अडकलेल्या माणसाचं नेमकं तिथंच अडतं, म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अलॉय चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक नट वेगळा बसवतात, त्याचं डोकं सहा कोनी नसतं, नक्षीचं असतं आणि त्यात बसणारी छोटी किल्ली गाडीबरोबर मिळते. ती नसली की स्टेपनी, जॅक, व्हील पाना सगळं डिकीत असून चाक काही निघत नाही. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटरस्त्याला रात्री पावसात पंक्चर झालं तर काय होईल विचार करा.

किल्ली हरवते कुठं, तर बहुतेक वेळा टायरच्या दुकानात. चाकाचं बॅलन्सिंग झालं, पोरगा दुसऱ्या गाडीकडं पळाला, किल्ली गनच्या, म्हणजे नट सोडायच्या-आवळायच्या मशीनच्या, तोंडातच राहिली. आमच्या नात्यातल्या एकाची अशीच गेली, दुकानवाला म्हणतो आमच्याकडं नाही, विषय संपला. दुसरं म्हणजे सेकंड हँड गाड्या. आपल्याकडं बेळगावात के ए २२, २३ नंबरच्या इथल्या गाड्यांबरोबर गोव्याच्या आणि एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गाड्या पण भरपूर विकायला येतात, घेणारा आरसी बघतो, इन्शुरन्स बघतो, इंजिनचा आवाज ऐकतो, पण लॉक नटची किल्ली कुठाय हे विचारत नाही.

किल्ली सापडत नसेल तर आधी नीट शोधा. ग्लोव्ह बॉक्स, टूल किटची पिशवी, स्टेपनीखालचा थर्माकोल, सीटखाली. कंपनीच्या सेटबरोबर बहुतेक वेळा कोड नंबर असलेलं कार्ड येतं, तो नंबर दिला की नवीन किल्ली मागवता येते. काही शोरूम आणि टायरवाल्यांकडं मास्टर किल्ल्यांचा डबा असतो, त्यातली एखादी बसून जाते.

काहीच जमलं नाही तर नट तोडून काढायचा. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करून रिटायर झालोय म्हणून हे हक्कानं लिहितो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाक जमिनीवरच. बाकीचे नट आधी नीट आवळून घ्या, म्हणजे लॉक नटवरचा ताण कमी होतो. मग नटाच्या बाहेरच्या मापापेक्षा जरासा लहान, बारा पॉइंटचा (आत बारा कोन असलेला) जुना सॉकेट, म्हणजे नटावर बसणारं पान्याचं तोंड, हातोड्यानं ठोकून बसवायचा आणि लांब दांड्यानं दमादमानं फिरवायचं. आत उलट आटे असलेले एक्स्ट्रॅक्टर सॉकेट मिळतात, ते जास्त चांगले, जेवढं फिरवाल तेवढे घट्ट चावतात. डोळ्याला गॉगल पाहिजेच, कडक स्टील फुटलं की ठिकरी उडते. इथं गन अजिबात लावू नका, सॉकेट निसटतो आणि नट गुळगुळीत होऊन बसतो.

काही नटांवर बाहेरून मोकळी फिरणारी रिंग असते, सॉकेट कितीही ठोका, रिंगच फिरत राहते. ती आधी काढावी लागते, नाहीतर नटावर दुसरा नट वेल्ड करून फिरवायचा, गरमीनं गंजही सुटतो. पण हे घरी करायचं काम नव्हे, अलॉयचा रंग जातो, टायर खराब होतो आणि बॅटरीची वायर न काढता वेल्डिंग केलं तर इलेक्ट्रॉनिक्सची वाट लागू शकते. ड्रिलचं पण तसंच, साधा ड्रिल त्या स्टीलवर बोथट होतो. मारुती, ह्युंदाईला नट असतात, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, स्टड, खराब झाला तरी दाबून काढून नवा बसवता येतो. स्कोडा, फोक्सवॅगनला बोल्ट असतात, ते थेट हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, आवळतात, तिथं हात चुकला तर हबचेच आटे जातात. अशी गाडी असेल तर सरळ जाणत्या मेस्त्रीकडं घेऊन जावा.

मुळात हा वैताग वाढतो तो गननं फाजील आवळल्यामुळं. छोट्या मोठ्या कारचे नट साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरवर आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. दुकानात मात्र गन कडकड वाजेपर्यंत सोडत नाहीत, मग पुढच्या वेळी किल्लीच फुटते. लॉक नट हातानं सोडायचा, टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळता येणाऱ्या पान्यानं) आवळायचा आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की सगळे नट एकदा परत तपासायचे. साध्या स्टीलच्या चाकाला तर लॉक नट कशाला लावतात मला अजून कळलं नाही, ती चाकं कोण चोरणार!

टायरवाल्यांना एकच विनंती, बिलावर एक ओळ वाढवा, लॉक नटची किल्ली परत दिली, आणि तिथं गिऱ्हाईकाची सही घ्या. काउंटरवर तसा बोर्ड पण लावा, मराठीत की कन्नडमध्ये यावर वाद नको, दोन्हीत लावा. आणि गिऱ्हाईकांनी पैसे देण्याआधी किल्ली हातात मागून घ्यावी.

आपला,
एक वाचक
अनगोळ, बेळगाव