कोटेशनच्या मागचा वाडा

काकाजी,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा सांग" म्हणून विषय उडवता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर.

महालातल्या आमच्या हिशेबाच्या ऑफिसात सर्व्हर एकच, आणि त्यावर तीन व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या पोटात चालणारे संगणक) हव्या होत्या. विक्रेत्याचं कोटेशन तुम्ही नुसतं पालथं घातलंत. "अशा मशीन चालवणारं केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, गाभ्यातच आहे, बाप्पा. घरात आहे ते विकत काऊन घेतेस?"

मशीन एका दुपारीच उभ्या झाल्या. घोडं अडलं नेटवर्कपाशी. आतून इंटरनेट चालायचं, पण शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला त्या मशीन सापडायच्याच नाहीत. दोन दिवस मी फायरवॉलला शिव्या घातल्या. तुम्ही मशीनचा १९२.१६८.१२२ ने सुरू होणारा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पाहिलात, हसलात, आणि कोटेशनच्या कोऱ्या बाजूला एक वाडा काढलात. लिबव्हर्टचं (या मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) डीफॉल्ट नेटवर्क म्हणजे एकाच दरवाजाचा वाडा. भाडेकरू बाहेर पडतात ते मालकाच्या नावावर, नॅट म्हणजे तेच. बाहेरच्याला आतल्या खोलीचा पत्ताच नसतो. खोलीला थेट गल्लीत दार हवं, तर ब्रिज करा, म्हणजे मशीन थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा पूल.

मग मी शहाणपणा केला. रात्री घरूनच, एसएसएचवरून (दुरून सर्व्हरवर कमांड चालवायची सोय), सर्व्हरचं नेटवर्क कार्ड ब्रिजला जोडलं आणि आयपी कार्डावरच ठेवला. कनेक्शन गेलं. रात्री अकराला मनीष नगरहून महालात! तुम्ही रागावला नाहीत. "पत्ता आता ब्रिजचा. कार्ड म्हणजे नुसतं दार," एवढंच म्हणालात.

खरे आभार पुढच्या युक्तीचे. आधी दहा मिनिटांनंतरचं रीबूट लावून ठेवायचं. मग सगळ्या कमांड एकाच फाइलीत लिहून एकदम चालवायच्या, कारण पहिल्याच कमांडला कनेक्शन तुटलं तर दुसरी टाइप कोण करणार? कॉन्फिगरेशनमध्ये काहीच सेव्ह करायचं नाही. जमलं तर रीबूट रद्द, फसलं तर सर्व्हर आपोआप जुन्या सेटिंगवर परत. "चुकलीस तर दहा मिनिटं कूलरसमोर बस," म्हणालात. मे महिन्यात नागपुरात याहून बरी शिक्षा कोणती?

पहिल्यांदा गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या वाटेचा पत्ता, द्यायचा विसरले. कूलर. दुसऱ्यांदा पिंग (सर्व्हरला मारलेली हाक आणि त्याची ओ) अखंड चालू राहिलं, मी आनंदाने तुम्हाला फोन लावला, आणि बोलण्याच्या नादात रीबूट रद्द करायचंच राहिलं. तिकडे तुम्ही किती वेळ हसत होतात! तिसऱ्यांदा जमलं, मग सेव्ह केलं. या सगळ्यात तुम्ही एकदाही माझ्या कीबोर्डला हात लावला नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

वाड्याचा कागद सर्व्हरच्या कपाटाला चिकटवलाय. परवा तो विक्रेता पुन्हा आला होता. बराच वेळ चित्र बघत उभा राहिला. मागे आपलंच कोटेशन आहे हे काही त्याला कळलं नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची