भरतीच्या वेळा किनाऱ्यावर लिहाव्यात

महोदय,

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे, एस.टी.ने अलिबाग गाठायचे आणि ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्यात जाऊन गणपतीचे दर्शन घ्यायचे, ही आमच्या लहानपणीची सहल वडील पंचांग पाहूनच ठरवत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या आणि ओहोटी बाराच्या सुमारास, हा हिशेब आम्हा भावंडांना तोंडपाठ होता. भर समुद्रातल्या त्या किल्ल्यातील गोड्या पाण्याच्या विहिरीचे तर फारच अप्रूप वाटे. २०२० पासून अलिबागजवळच्या मांडव्यापर्यंत रो-रो, म्हणजे गाड्यांसह नेणारी बोटसेवा आहे. मात्र नव्याने येणाऱ्या अनेक कुटुंबांना हे गणित ठाऊक नसते. तरी भरती-ओहोटीच्या वेळा किनाऱ्यावर रोज ठळक मराठीत लिहाव्यात, ही प्रशासनास कळकळीची विनंती.

— एक वाचक, मुंबई