तेल फुकट, पंप महाग

मा. संपादक,

तळणाच्या तेलावर मोटार चालवण्याविषयीचा आपल्या अंकातला लेख वाचला. रुडॉल्फ डिझेल यांच्या धाटणीचे इंजिन 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालले, हा त्यातला दाखला खरा आहे. पण ते संथ चालीचे, जाड हाडाचे इंजिन होते. आजच्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून इंधन पुरवणाऱ्या गाडीत, ते 1600 बार आणि त्याहूनही जास्त दाबाने केसाएवढ्या भोकांतून फवारले जाते. माझा धंदा इंजिनात इंधन दाबाने ढकलणारे डिझेल पंप आणि ते फवारणाऱ्या नोझल यांच्या दुरुस्तीचा आहे, म्हणून हे लिहितो.

मुद्दा घट्टपणाचा आहे. 40 अंशांना खाद्यतेल डिझेलच्या सुमारे दसपट घट्ट असते. नोझलमधून धुके निघायचे तिथे धार निघते. ती पुरती जळत नाही, रिंगांवर कार्बन धरतो आणि न जळलेले तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरात, म्हणजे इंजिन ऑइल साठते त्या तळाच्या भांड्यात, उतरते. तिथे ते इंजिन ऑइलमध्ये मिसळून कालांतराने ऑइलच घट्ट करते. अशाच एका इंजिनाचे चेंबर मी उघडले, तर ऑइल ओतता आले नाही, पत्र्याने खरवडून काढावे लागले. मालकाचे एकच पालुपद, 'पण गाडी तर महिनोन्महिने झकास चालत होती!' चालतेच हो. म्हणून तर माणूस फसतो.

जुन्या, प्रीचेंबर इंजिन (इंधन आधी छोट्या कप्प्यात पेटते ते) आणि इनलाइन पंप (दर सिलिंडरला एक दट्ट्या, सगळे एका ओळीत) असलेल्या गाडीला मात्र हे जमते. माझी स्वतःची अशी आहे, तिला दोन टाक्या आहेत, एक डिझेलची, एक तेलाची. गाडी डिझेलवर सुरू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्यावर तेल 70 अंशांपर्यंत तापले की कॉक फिरवून तेलाच्या टाकीवर जायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणून लाइन धुऊन घ्यायची. एकदा मेव्हण्यांनी कॉक न फिरवताच गाडी लावली. दुसऱ्या दिवशी थंडीत स्टार्टर रडला, गाडी काही उठली नाही. शिवाय तेल आठवडाभर निवळू द्यावे लागते, बारीक गाळावे लागते आणि त्यात पाणी उरले नाही ना हे पाहावे लागते. तापल्या तव्यावर थेंब तडतडला तर ते तेल पंपात घालू नये, पाण्याने पंपातले प्लंजर (दट्टे) गंजतात.

लेखात बायोडिझेलला, म्हणजे तेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेल्या पातळ इंधनाला, 'सोपा घरगुती प्रयोग' म्हटले आहे, ते मला खटकले. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून तेलातले ग्लिसरीन वेगळे काढायचे, एवढीच त्याची कृती. पण मिथेनॉलची वाफ भडकते आणि ते पोटात गेले तर दृष्टी जाते. खूपदा तळलेल्या तेलात आम्ल वाढलेले असते, तेव्हा इंधनाऐवजी साबणच जमतो. बायोडिझेल नीट बनले तरी जुन्या रबरी नळ्या फुगतात, टाकीतला गाळ सुटून फिल्टर चोंदतो.

या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा कोणत्या पंपाच्या गाडीविषयी लिहिले आहे, तेवढे पहिल्या परिच्छेदातच सांगावे, ही विनंती.

आपला,
एक डिझेल पंप मेकॅनिक