पावसात कोल्हापुरी?

मा. संपादक, स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘पावसाळी एथनिक लूक’ पाहिला. फोटो झकास, रंकाळाही बरा दिसतोय. पण मॉडेलच्या पायात भिजलेली कोल्हापुरी, आणि खाली सल्ला : ‘चिखल लागल्यास साबणाने धुऊन उन्हात वाळवा.’ हे कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, कुणाला विचारलं असतं, तर उत्तर पायताणानेच मिळालं असतं.

अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. त्यावर प्लॅस्टिकचा थर नसतो, म्हणून ते पाणी पितं. तळाचे थर कातडी वादीने शिवलेले, खिळा नाही. भिजले की थर फुगतात, वादी सैल पडते, कडेला तोंड उघडतं. साबणाने कातड्यात मुरलेलं तेल जातं. त्यावर ऊन दिलं की चपलेचा अंगठा (पायाचा अंगठा अडकवायचं कडं) आखडतो आणि पट्ट्याला भेगा.

भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपावी. पट्ट्याखाली कागदाचा बोळा कोंबून, भिंतीला उभी टेकवून सावलीत दोन दिवस ठेवावी. चिखल वाळल्यावर ब्रशने झाडावा. मग बोटावर येईल एवढंच एरंडेल किंवा खोबरेल अंगठ्याला, कानांना (बाजूच्या पाकळ्यांना) आणि पट्ट्याला आतून चोळावं. तळाला तेल पाजू नये, मऊ पडून कडा पसरतात. आणि खरं म्हणजे पावसाळाभर ती सुती फडक्यात गुंडाळून फळीवरच बरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की बुरशी आलीच.

‘एक नंबर मोठी घ्या’ हेही उलटंच. कातडं वापराने सैलावतं, नवी चप्पल किंचित घट्टच हवी.

तो फोटो मात्र पुन्हा नीट बघा. टाचेत खिळ्याचं डोकं चमकतंय, पट्ट्याच्या कापलेल्या कडेला पांढरं कापड दिसतंय. म्हणजे रेक्झिन. ती खुशाल साबणाने धुवा!

शिवाय ‘फक्त कोल्हापुरात बनते’ असं ठोकून दिलंय. 2019 च्या जीआय (भौगोलिक) मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवून आपलं श्रेय दिलं नाही म्हणून आपणच ओरडलो ना? मग कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिरांनी आता कुणाच्या नावाने ओरडायचं?

जाता जाता : पुरवणीचा गुळगुळीत कागद पाणी टिपत नाही. पट्ट्याखाली कोंबायला तुमचा मुख्य अंकच लागतो.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर