बापाचं राष्ट्रगीत, लेकीचं गाणं

तालिन, एस्टोनिया, 17 ऑगस्ट 2025

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फिनलंड आणि एस्टोनियाचं राष्ट्रगीत कानाला एकसारखं लागतं, टीव्हीवाल्यांचा काही घोळ झाला का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. घोळ नाही बाबा, चाल खरंच एक आहे. फ्रेड्रिक पासियुस नावाच्या संगीतकाराने ती 1848 साली हेलसिंकीत बांधली, आणि तो मूळचा जर्मन, हॅम्बुर्गचा! फिनलंडने ती आपली मानली. 1869 मध्ये तार्तूला एस्टोनियाचा पहिला गीतोत्सव भरला. तो भरवण्यात पुढे होते वृत्तपत्रकार योहान वोल्देमार यान्सेन. त्यांनीच त्या चालीवर एस्टोनियन शब्द लिहिले. 1920 मध्ये ते राष्ट्रगीत झालं.

पुढे सोव्हिएत सत्ता आली आणि ते म्हणायला बंदी झाली. चाल मात्र अडवता येईना. समुद्रापलीकडे 80 किलोमीटरवर हेलसिंकी. तिथल्या रेडिओवर फिनलंडचं राष्ट्रगीत वाजायचं, ते इथे घराघरात ऐकू यायचं, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात आपले शब्द असायचे. हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते दुसऱ्याच गाण्याबद्दल. यान्सेन यांची मुलगी लिडिया कोइदुला ही इथली लाडकी कवयित्री. ‘माझी मायभूमी हेच माझं प्रेम’ अशा अर्थाची तिची एक कविता आहे. 1944 मध्ये संगीतकार गुस्ताव एर्नेसाक्स यांनी तिला नवी चाल दिली. युद्धानंतरच्या पहिल्या, 1947 च्या उत्सवात ती गायली गेली, आणि पुढे कार्यक्रमातून गायब झाली. 1960 मध्ये गायकांनी ती कार्यक्रमात नसताना आपणहून म्हटली. 1969 च्या शताब्दी उत्सवात तर लोक जागचे हलेनात, पुन्हा म्हणायचं म्हणून अडून बसले. आवाज दाबायला बँड वाजवायला लावला, तरी हजारो गळे गातच राहिले.

आणि गंमत म्हणजे, सोव्हिएत एस्टोनियाच्या सरकारी राष्ट्रगीताची चालही याच एर्नेसाक्स यांची! एकाच माणसाच्या हातच्या दोन चाली. हुकमाने वाजणारी सत्तेबरोबर गेली. दुसऱ्या गाण्याला राष्ट्रगीताचा दर्जा कधीच नव्हता, आणि ते इथल्या मुलाबाळांना तोंडपाठ आहे. लोकांचं गाणं कोणतं, हे सरकारी कागद ठरवत नाही, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

जुलैमध्ये इथे तालिनच्या मैदानावर गीतोत्सव भरला, त्याला मी गेले होते. भल्यामोठ्या कमानीखाली पायऱ्यापायऱ्यांवर हजारो गायक, समोर उतारावर अफाट गर्दी. उताराच्या वरच्या अंगाला एर्नेसाक्स यांचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे, पोरं बिनधास्त त्याच्या मांडीवर चढतात. शेवटी हे गाणं सुरू झालं. लय संथ, एकेका ओळीला दम लागतो. माझ्या शेजारच्या आजींनी हातातली गाण्यांची पुस्तिका मिटून पिशवीत टाकली, पाठ ताठ केली आणि खालच्या पट्टीत गायला लागल्या. वरच्या सुरांच्या जागी त्यांचा आवाज पोहोचेना, तिथे त्या नुसते ओठ हलवत होत्या. मागचा तरुण पोरगा त्यांची ती जागा भरून काढत होता. मला शब्द अर्धेमुर्धेच येत होते, तरी मी गायले.

1988 च्या सप्टेंबरात याच मैदानावर लाखो लोक जमले आणि स्वातंत्र्याची मागणी उघडपणे मांडली गेली. 1991 मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. त्या लढ्याला इथे ‘गाणारी क्रांती’ म्हणतात.

तुम्ही दक्षिण आफ्रिकेचंही विचारलं होतंत. हो, त्यांचं राष्ट्रगीत पाच भाषांत आहे. एनॉक सोन्टोंगा यांची 1897 ची प्रार्थना आणि वर्णद्वेषी राजवटीचं जुनं राष्ट्रगीत, दोन्हींचे भाग 1997 मध्ये जोडले. ज्यांनी सोसलं त्यांनी ते दुसरं गीतही म्हणायचं, हे मला फार अवघड वाटतं, आणि म्हणूनच फार मोठं. त्यावर सविस्तर पुढच्या पत्रात.

आईला सांगा, कोइदुलाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवलंय. हेडफोन लावून ऐका, खालच्या पट्टीतले पुरुषांचे आवाज फोनच्या स्पीकरवर नीट कळत नाहीत.

तुमची,
लेक