‘अज्ञात आजार’ की न घेतलेले नमुने?

महोदय,

डुकरांच्या मरतुकीच्या बातमीत ‘अज्ञात आजार’ हे शब्द ठरलेलेच. आजार बहुधा अज्ञात नसतो. नमुने घेण्याआधीच जेसीबीने खड्डा बुजवलेला असतो.

२०२० मध्ये आसाम-अरुणाचलात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य ताप जुलै २०२२ मध्ये केरळच्या वायनाडपर्यंत पोहोचला. तेव्हापासून मरतूक दिसली की तोच, असे गृहीत धरले जाते. पण आपल्याकडचा जुना क्लासिकल स्वाइन फीवरही वरून हुबेहूब तसाच: ४१-४२ अंश ताप, खाणे बंद, कान आणि पोटाची कातडी जांभळी. फरक असा की जुन्यावर लस मिळते.

पोट उघडल्यावर थोडा अंदाज येतो. आफ्रिकन तापात प्लीहा (पाणथरी) कित्येक पट फुगलेली, काळपट, बोटाने दाबली तरी फुटते; जठर आणि मूत्रपिंडाजवळच्या लसिकाग्रंथी रक्ताच्या गुठळीसारख्या दिसतात. क्लासिकलमध्ये प्लीहेचा आकार सहसा वाढत नाही, कडेला काळे उंचवटे दिसतात; आजार लांबला तर मोठ्या आतड्यात बटणासारखे व्रण. तरीही नुसत्या डोळ्यांवर निदान करू नये, विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर चाचणी हवीच.

आणि काही शव उघडायचेच नसतात. अचानक मृत्यू, गळ्याला सूज, नाकातून-गुदद्वारातून न गोठणारे रक्त असेल तर आधी फाशीचा (काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा) संशय घ्यावा. अशा वेळी काचपट्टीवर कानाच्या शिरेतले रक्त घेतात. डुकरात हे जंतू रक्तात कमी सापडतात, म्हणून गळ्याच्या सुजेतले पाणीही घ्यावे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळे अवयव एकाच फॉर्मॅलिनच्या बरणीत कोंबणे. त्यातून विषाणू वाढवता येत नाही, पीसीआरही बिघडते. प्लीहा, लसिकाग्रंथी, टॉन्सिल, मूत्रपिंड, फुप्फुस यांचे तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत, बर्फावर, त्याच दिवशी निघावेत. सूक्ष्मदर्शकासाठीचे तुकडे तेवढे अर्धा सेंटिमीटर जाडीचे, दहापट फॉर्मॅलिनमध्ये. शव सडले असेल तर लांब हाड अख्खे पाठवावे, मज्जेत विषाणूचा अंश टिकतो. खरे तर सडक्या शवापेक्षा तापाने फणफणलेल्या जिवंत डुकराचे ईडीटीए नळीतले (रक्त गोठू न देणाऱ्या नळीतले) रक्त जास्त उपयोगी. पुण्यातील औंधची राज्याची प्रयोगशाळा असो की भोपाळची राष्ट्रीय, नमुना चांगला असेल तरच उत्तर देईल.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट तपासावी: पाण्याची टाकी. हॉटेलचे खारट खरकटे आणि दिवसभर पाणी नाही, मग एकदम भरपूर पाणी, असे झाले की मेंदूला सूज येते. डुकरे कुत्र्यासारखी बसतात, मागे मागे सरकतात, झटके येतात. ताप बहुधा नसतो. ही मिठाची विषबाधा. पाणी थोडे थोडे पाजायचे. इथे मेंदू मुद्दाम काढावा लागतो, अर्धा ताजा, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, आणि नेमका तोच कुणी पाठवत नाही.

डुक्करपालक खबर देत नाहीत यातही नवल नाही. आफ्रिकन ताप निघाला तर १ किलोमीटरच्या परिघातली डुकरे मारली जातात. या भीतीने आजारी जनावरे रातोरात विकली जातात, आणि रोग टेम्पोत बसून पुढच्या गावी जातो.

पशुवैद्यकीय दवाखान्यांत पिशव्या, ईडीटीए नळ्या, काचपट्ट्या आणि गोठवलेल्या जेलपॅकची एक पेटी कायम तयार असावी. वार्ताहरांनीही मेलेल्या डुकरांच्या आकड्यासोबत दोन प्रश्न विचारावेत: कोणते अवयव घेतले, आणि अहवाल काय आला?

— एक पशुवैद्यक, पुणे